होयाचं पान

बावधन, ७ एप्रिल २०२४

सौ. जुईली ऋषिकेश खळदकर यांस,

पत्र पाहून आश्चर्य वाटेल. फोनवर तुम्ही मध्येच तोडता आणि मग माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते. कागदावर कुणाला तोडता येत नाही. आमच्या सोसायटीत दूध घालणारा कैलास तुमच्या मुठ्याचाच आहे, त्याच्या टेम्पोतून हे पोचेल. उत्तरही त्याच्याकडेच द्या.

काम एकच आहे. तुमच्या दिवाणखान्याच्या खिडकीत होयाची वेल आहे, ती माझ्या मुलीने, ज्ञानदाने लावलेली. कॉलेजात असताना कुठून तरी बोटभर फांदी आणली, हॉस्टेलच्या खिडकीत वाढवली आणि लग्नात रुखवताच्या टेबलावर मांडायला लावली. माझ्या जावा हसल्या होत्या. सात वर्षांनी तिला मेणासारख्या फुलांचा पहिला घोस आला तेव्हा ज्ञानदा मला वास यावा म्हणून फोन फुलाजवळ धरून उभी राहिली होती. फोनवर वास कसा येणार? पण मी आला म्हणून सांगितलं.

ज्ञानदाला जाऊन दोन वर्षं झाली. घर तुमचं झालं, ऋषिकेश तुमचा झाला, त्याबद्दल मी कुणाकडे तक्रार केलेली नाही. मला त्या वेलीची एक फांदी हवी आहे. जर्मनीला निघण्याआधी ऋषिकेश म्हणाला, "आई, जुईली देईल." तो सहा महिने नाही, म्हणून तुम्हालाच लिहावं लागतंय.

धारदार सुरीने कापा, कात्रीने चेचू नका. कापल्यावर पांढरा चीक येईल, तो सावलीत वाळू द्या. पाण्यात बुडवू नका. वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घातलंत तर घामेजून वाटेतच कुजेल. आणि फुलं गळून गेलेले देठ छाटत जाऊ नका, पुढच्या वर्षी त्याच देठावर फुलं येतात. श्राद्धाच्या दिवशी मला दोन देठ छाटलेले दिसले. तुम्हाला त्या वाळक्या काड्या वाटल्या असतील.

सुलक्षणा विश्राम वांगीकर

*

मुठा, १२ एप्रिल २०२४

सुलक्षणाकाकू, नमस्कार.

देठ मी छाटले नाहीत. पडदा अडकतो म्हणून ऋषिकेशने छाटले. तुम्ही त्याला विचारलं नाहीत, कारण तुम्हाला ते मी केलेलं हवं होतं.

श्राद्धाचा विषय तुम्हीच काढलात, म्हणून लिहिते. त्या दिवशी वीस माणसं पानावर बसली होती आणि मी वरण वाढत होते. तेव्हा तुम्ही खिडकीकडे बघून म्हणालात, "हिच्या हातात ज्ञानदाची वेल वाळणारच." माझ्या लग्नाला तीन महिने झाले होते. कुणी काही बोललं नाही, ऋषिकेशही बोलला नाही. मी पुढच्या पानावर वरण वाढलं. तुमची मुलगी गेली तेव्हा मी ऋषिकेशला ओळखतसुद्धा नव्हते. मी तिचं काहीच घेतलेलं नाही. जे रिकामं होतं तिथे मला बोलावलं, म्हणून मी आले.

फांद्या सगळ्या वर पडद्याच्या दांड्याला वळसे घालून आहेत. घरात शिडी नाही. हाताला आलं ते एक चांगलं जाड पान देठासकट कापून पाठवते आहे. पानालाही मुळं फुटतात असं इंटरनेटवर आहे. चीक वाळवलाय, वर्तमानपत्रात गुंडाळलंय. तुमच्या सगळ्या सूचना पाळल्या आहेत.

जुईली

*

बावधन, ५ मे २०२४

सौ. जुईली खळदकर यांस,

पान पोचलं. उलटसुलट करून नीट पाहिलं आणि लावलं.

पहिलं म्हणजे, काकू म्हणू नका. मी तुमच्या वडिलांच्या भावाची बायको नव्हे. दुसरं, मी जे म्हणाले ते म्हणाले. त्या दिवशी माझ्या मुलीचं श्राद्ध होतं, शब्द तोलून बोलायला मी तिथे आले नव्हते. आमचे हे म्हणतात, "त्या पोरीला कशाला छळतेस?" यांना सगळ्या जगाची दया येते. रिटायर झाल्यावर माणसाला दुसरं काम काय असतं?

पानाबद्दल सांगते, कारण फुकट गेलं म्हणून तुम्हाला समाधान नको. मातीत लावलेलं नाही, माती ओल धरून ठेवते. लहान कुंडी घेतली, तळाला विटेचे तुकडे, वर जाड वाळू आणि कोळशाचा चुरा. वाळू आधी उन्हात दोन दिवस तापवली. देठ अर्धा इंच आत. पाणी आठवड्यातून एकदा, तेही चमच्याने, कडेकडेने. वर काचेची बरणी पालथी घालते आणि रोज सकाळी काढून आतला दमटपणा फडक्याने पुसते. बत्तीस वर्षं फळ्यापुढे उभी होते, रोजचं काम रोज करायची सवय आहे.

तुम्ही इंटरनेटवर वाचता म्हणून विचारते. याला पहिला नवा कोंब केव्हा दिसेल असं तुम्हाला वाटतं?

सुलक्षणा वांगीकर

*

मुठा, ९ जून २०२४

सौ. वांगीकर यांस,

आता तरी मायना बरोबर आहे ना?

हे पत्र मी भांडायला लिहीत नाही. इथे पाऊस लागलाय. हे घर तुम्ही उन्हाळ्यात आणि दिवाळीत पाहिलंय, पावसाळ्यात राहून पाहिलेलं नाही. भिंतींना घाम फुटतो. डब्यातल्या मिठाचं पाणी होतं. आठ दिवस न घातलेल्या चपलांवर हिरवी बुरशी धरते. वेलीच्या कुंडीतली माती वरूनसुद्धा वाळत नाही, बोट घातलं की गार चिखल लागतो.

आमच्या शेजारच्या तानूबाई धनगरीण आहेत, घरी मेंढरं आहेत. त्या परवा कुंडीत बोट घालून म्हणाल्या, "बाई, ह्यो येल हितं पावसाळ्यात टिकायचा न्हाई. आमी मेंढरं बी हितं ठेवत न्हाई. पाऊस लागला की खुरं कुजत्यात. आमचं मालक मिरगाच्या आदी कळप देशाला हलवत्यात, दसऱ्याला माघारी आणत्यात. येलाला पाय न्हाईत म्हून त्यानं हितंच मरायचं व्हय?"

मला ते पटलं. गेल्या दोन पावसाळ्यांत वेल कशी जगली ते ऋषिकेशलाच माहीत; तो म्हणतो, ज्ञानदा असताना ती पावसाळाभर वेलीजवळ हीटर लावायची. आता इथे दिवसाआड वीज जाते. तुमच्याकडे बावधनला एवढी ओल नाही आणि तुम्हाला झाडातलं कळतं. चार महिने वेल तुमच्याकडे ठेवाल का? दांड्यावरून सोडवून, चादरीत गुंडाळून कैलासच्या टेम्पोतून पाठवते. दसऱ्याला परत आणू. तुम्ही हो म्हणालात तर तुमच्या कुणाच्याही हातात द्यायला मी तयार आहे.

कोंबाचं मला सांगता येणार नाही.

जुईली

*

बावधन, १३ जून २०२४

सौ. जुईली खळदकर,

मेंढरांची गोष्ट छान आहे. वाचून दाखवली तर यांचे डोळे पाणावले आणि हे गाडीची किल्ली घ्यायला उठले. मी किल्ली काढून घेतली.

जानेवारीत तुम्ही ज्ञानदाचे कपडे पाठवलेत, दोन बॅगा. निरोप काय होता? "कपाट रंगवून होईपर्यंत." कपाट रंगून झालं, बॅगा अजून माझ्या पलंगाखाली आहेत. फेब्रुवारीत तिची पुस्तकं आली, वाळवी लागेल म्हणून. मार्चमध्ये तिचा चष्मा आणि घड्याळ एका पाकिटात आलं, त्याला तर कारणही दिलं नाहीत. आता वेल, आणि कारण पाऊस. दर महिन्याला माझी मुलगी त्या घरातून थोडी थोडी बाहेर निघते आहे आणि मी दार उघडून तिला आत घेते आहे. एवढं न कळण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही. दसऱ्याला वेल परत न्यायला कुणीही येणार नाही, आणि खिडकीत दुसरं काही तरी टांगलेलं असेल.

ती खिडकी तिने वेलीसाठी मोठी करून घेतली होती. वेल तिथेच राहील. सांभाळायची नसेल तर तसं ऋषिकेशला स्पष्ट कळवा, मला मध्ये घालू नका.

पानाला मुळं आली आहेत. वाळू बाजूला करून पाहिलं, तीन पांढरी मुळं, करंगळीच्या नखाएवढी. पान टणक आहे. कोंबाची वाट पाहते आहे.

सुलक्षणा वांगीकर

*

मुठा, २ जुलै २०२४

सौ. वांगीकर यांस,

ठीक आहे. वेल इथेच राहील. पुन्हा विचारणार नाही.

कपडे, पुस्तकं आणि चष्मा ऋषिकेशने पाठवले होते. बॅगा त्याने भरल्या, पत्ता त्याने लिहिला, आणि पाठवून झाल्यावर तो दोन दिवस जेवला नाही. मी कैलासला हाक मारली एवढंच माझं काम. पण तुमच्याकडे सगळं माझ्याच नावावर चढतं, तर हेही चढू द्या.

खिडकी बंद करून कुंडी भिंतीपासून हातभर लांब घेतली आहे. ती विटांवर ठेवली आहे. तानूबाईंनी चुलीची कोरडी राख दिली, ती परातीत पसरून खाली ठेवते आणि ओली झाली की बदलते. वीज असते तेव्हा बल्ब लावते. गेले चार दिवस वीज नाही.

मुळं आली हे चांगलं झालं.

जुईली

*

बावधन, १८ ऑगस्ट २०२४

सौ. जुईली खळदकर यांस,

सहा आठवडे झाले, तुमचं एक अक्षर नाही. मला तुमच्या ख्यालीखुशालीची ओढ लागली म्हणून लिहीत नाही. कैलास म्हणाला की खिडकीची दारं बंदच असतात, दिवसासुद्धा. वेलीला उजेड लागतो. ओल नको म्हणून अंधारात कोंडायचं, असं कुठल्या इंटरनेटवर लिहिलंय?

माझं पान आता तळहाताएवढं रुंद दिसतं. रंग गडद, पाठीवर रुपेरी ठिपके आलेत. मुळांनी कुंडी भरली म्हणून मी ते थोड्या मोठ्या कुंडीत हलवलं. पण कोंब नाही. चार महिने झाले. तुम्हाला याचं नवल वाटत नाही का? मला वाटतं.

गौरी-गणपतीत आम्ही दोघं तिकडे यावं म्हणतो आहोत. वेल पाहता येईल.

सुलक्षणा वांगीकर

*

मुठा, २१ ऑगस्ट २०२४

सौ. वांगीकर यांस,

सध्या येऊ नका. वरच्या वळणावर दरड आली आहे. दुधाचा टेम्पो कसाबसा निघतो, तुमची गाडी निघणार नाही. विश्रामकाकांच्या गुडघ्यांनाही हा प्रवास नको.

वेल बरी आहे. काही पानं पिवळी झाली, पावसाळ्यात होतातच.

पानाचं काय सांगू? वाट पाहा.

जुईली

*

बावधन, १५ सप्टेंबर २०२४

सौ. जुईली खळदकर यांस,

दरड दोन दिवसांत काढली होती. कैलासनेच सांगितलं, त्याला खोटं बोलता येत नाही. तरी आम्ही आलो नाही. नको म्हणणाऱ्यांच्या दारात उभं राहायची मला सवय नाही.

काल ऋषिकेशचा फोन आला होता. वीस ऑक्टोबरला येतोय. म्हणाला, "आई, जुईली व्हिडिओवर वेल दाखवतच नाही, सारखा कॅमेरा फिरवते." मी म्हटलं, तुझ्या बायकोला विचार. मी आणखी काही बोलले नाही, ही माझी मोठीच मेहेरबानी समजा.

पानाशेजारी बांबूची काडी रोवली आहे. वेल चढायला आधार लागेल ना. शेजारच्या सोनियाने विचारलं, "आजी, काडी कशाला? नुसतं पान तर आहे." मी तिला म्हटलं, ज्यांनी दिलंय त्यांना विचारून सांगते.

तर विचारते. तुम्हाला मला काही सांगायचं आहे का?

सुलक्षणा वांगीकर

*

मुठा, २२ सप्टेंबर २०२४

सौ. वांगीकर यांस,

हो, सांगायचं आहे. हे पत्र मी तीनदा फाडलं आहे.

वेल मेली. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मातीलगतचं खोड काळं पडलं. बोट लावलं तर आत गेलं, आणि कुजका वास आला. तिथून वर चढत गेलं. मी तुम्हाला ऑगस्टमध्ये बरी आहे म्हणून लिहिलं तेव्हा खालचा हातभर भाग लगदा झाला होता.

तुम्ही म्हणाल ओलीने मेली. ओल होतीच. पण मीही मारली. श्राद्धाच्या दिवशी तुम्ही ते वाक्य बोललात, तेव्हापासून मी रोज देवपूजेचं पाणी तुळशीला न घालता त्या वेलीला घालत होते. ताम्हनातलं, हळदीकुंकवाचं. माझ्या आईकडे घरातल्या गेलेल्या सवाशिणीचा मान असाच ठेवतात, तिच्या नावाच्या झाडाला पूजेचं पाणी देतात. मला वाटलं, तिचा मान ठेवला की वेल वाळणार नाही आणि तुम्ही खोट्या पडाल. जूनमध्येही घातलं. तानूबाई म्हणाल्या होत्या, "आदीच चिखल, त्यात आनि पानी वतताय व्हय?" मी म्हटलं, हे साधं पाणी नाही. एक दिवसही चुकवला नाही. पंचवीस जुलैला खोड काळं दिसलं तेव्हा थांबवलं.

आता दुसरं. हे लिहायला जास्त जड जातंय. तुमच्याकडचं पान कधीच वाढणार नाही. घरात शिडी होती. मी चढलेही होते, फांदीला हात लावला होता. नर्सरीवाल्याला आधी विचारून घेतलं होतं. तो म्हणाला होता, फांदीला पानाच्या बुडाशी डोळा असतो, उसाच्या कांडीला असतो तसा, कोंब तिथूनच येतो. नुसतं पान लावलं तर मुळं धरतं, वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण पुढे सरकत नाही. हे आठवून मी शिडीवरून खाली उतरले आणि डोळा न घेता पान कापलं. तुमच्या हातात ते मरू नये, पण वाढूही नये, असं मला वाटलं. त्या दिवशी बरं वाटलं होतं. तुम्ही मुळांचं लिहिलंत, बरणी पुसायचं लिहिलंत, तेव्हापासून बरं वाटेनासं झालं.

म्हणजे आता ज्ञानदाच्या वेलीचं जगात तेवढंच उरलंय, तुमच्या कुंडीतलं एक पान, आणि त्यालाही डोळा नाही. ऋषिकेश चार आठवड्यांत येईल. त्याला काय सांगू ते कळत नाही. वेल अजून दांड्यावरून काढलेली नाही, काढवत नाही. खालची सगळी पानं गळली. अगदी वर चार-पाच उरलीत, तीही सुरकुतून लोंबतायत. ती पडली की काढेन.

क्षमा मागत नाही. तुम्ही देणार नाही हे मला माहीत आहे.

जुईली

*

बावधन, २३ सप्टेंबर २०२४

जुईली यांस,

कैलासला दारात थांबवून लिहिते आहे. त्याचं दूध नासलं तर ते तुमच्या माथी.

पानाला डोळा नाही हे मला पहिल्या दिवशी दिसलं होतं. मी बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. पाचवीतल्या मुलांना फांदी आणि पान यातला फरक फळ्यावर काढून दाखवला. तुमचं पाकीट उघडलं आणि मला कळलं की हे मुद्दाम केलंय. तरी लावलं, कारण ते तिच्या वेलीचं होतं. आणि दर पत्रात तुम्हाला कोंबाचं विचारत राहिले, तुम्ही कधी कबूल करता ते पाहायला. पाच महिने पाहिलं. तुमचं हे कृत्य हातात असल्यावर मला तुमच्याशी कसंही वागायची मोकळीक आहे असं वाटायचं. जूनमध्ये तुम्ही वेल देत होतात तेव्हा मी ती याच मोकळिकीत नाकारली. हे गाडी काढत होते. पाऊण तासाचा रस्ता. वेल आज माझ्या बाल्कनीत जिवंत असती. ते माझं आहे, तुमचं नाही, पूजेच्या पाण्याचंही नाही. कपडे ऋषिकेशने पाठवले होते हे तुम्ही लिहिलंत, तेव्हाही मी जाऊन वेल आणायला हवी होती. जुलै उजाडला होता, पण वेळ होता. मी गेले नाही. तुम्ही बरोबर ठरलात याचा राग आला होता.

हे सगळं नंतर भांडू. तुम्ही शेवटी एक गोष्ट लिहिली आहे आणि तिचा अर्थ तुम्हाला कळलेला नाही. वरची पानं सुरकुतली आहेत म्हणता. सुरकुतलेलं पान मेलेलं नसतं, तहानलेलं असतं. मेलेलं पान पिवळं होऊन गळतं. कूज खालून वर जाते, आणि होयाची वेल मूळ तुटल्यावरही हवेतल्या दमटपणावर दोन-दोन महिने तग धरते. खुळे, तू हे ऑगस्टमध्ये लिहिलं असतंस तर अर्धी वेल वाचली असती. आता पत्र खाली ठेव आणि शिडीवर चढ. वरच्या टोकापासून सुरुवात कर. नखाने साल खरवड. आत तपकिरी असेल तर मेलेलं, हिरवं असेल तर जिवंत. हिरवं सापडलं की खाली सरकत तपकिरी लागेपर्यंत पाहा, आणि हिरव्यातच, तपकिरीच्या दोन बोटं वर काप. सुरी चुलीवर तापवून गार करून घे. डोळा सोडू नकोस. पाणी लावू नकोस. कापलेल्या तोंडाला कोरडी राख लाव, त्या बाईंकडे असेल. वर्तमानपत्रात गुंडाळ, आणि कैलासच्या भरवशावर टाकू नकोस.

थांबू नकोस.

सुलक्षणा

*

मुठा, २४ सप्टेंबर २०२४

सुलक्षणाबाई,

हे पत्र मी स्वतःच घेऊन येते आहे. समोर उभी राहिले की तुम्ही बोलाल आणि मला बोलता येणार नाही, म्हणून आधी लिहून ठेवते. दार उघडलंत की पहिल्यांदा वर्तमानपत्राची गुंडाळी घ्या, पत्र मागाहून वाचा.

कैलासने पत्र दिलं तेव्हा मी दारातच वाचलं आणि तशीच शिडीवर चढले. तानूबाई खाली शिडी धरून उभ्या होत्या. टोकापासून सुरुवात केली. पहिला तुकडा तपकिरी. दुसरा तपकिरी, आत भुगा. जिथे पानं लोंबत होती तिथे आले तर एका फांदीत हिरवं दिसलं, पण कापल्यावर मधोमध तपकिरी ठिपका होता, आणि थोडं वर कापलं तरी तो होताच. ती फांदी टाकली. दुसरीही टाकली. तेव्हा मला रडू आलं. खालून तानूबाई म्हणाल्या, "रडाया मागनं बसा. अजून दांड्याच्या पलीकडची बघितलीया का?"

दांड्याच्या मागे, भिंतीला लागून, पडद्याच्या आड एक फांदी गेली होती. मी ती कधी पाहिलीच नव्हती. दोन पानं, दोन्ही सुरकुतलेली. नख लावलं तर आत हिरवं. तुम्ही सांगितलंत तशी सुरी तापवून, गार करून कापलं. तोंडाला चीक आला. एकच थेंब, पांढरा. तानूबाईंनी लगेच राख लावली. मी मग शिडीवरून उतरले आणि तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळला.

तुकडा बोटभर आहे. एक डोळा बुडाजवळ आहे, पण तो मला दबलेला वाटतोय. दुसरा पानाच्या बगलेत आहे, तो चांगला आहे. म्हणजे खरं तर एकच. दोघींत वाटून घेता येण्यासारखं यात काही नाही. माझ्याकडे ठेवला तर पाऊस अजून पंधरा दिवस आहे, आणि माझ्या हातावर माझाच विश्वास उरलेला नाही. तुमच्याकडे तापवलेली वाळू आहे, बरणी आहे, आणि रोज सकाळी पुसायची सवय आहे.

ऋषिकेश वीस तारखेला उतरेल. मी त्याला विमानतळावरून आधी तुमच्याकडे आणणार आहे. वेलीचं काय झालं ते मी सांगेन, पूजेच्या पाण्यासकट, पानासकट. तुमचं जूनचं तुम्ही सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या वतीने सांगणार नाही आणि लपवणारही नाही.

तुमच्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. वीस माणसांत जे बोललात ते मी विसरणार नाही, आणि माझं पान तुम्हीही विसरू नका. पण हा तुकडा जगला तर तुमच्या हाताने जगेल. तुमच्या शेजारणी येऊन बघतील, ऋषिकेश येऊन बघेल, सगळे म्हणतील ज्ञानदाची वेल तिच्या आईने वाचवली, आणि मला तिथे उभं राहून ते ऐकावं लागेल. मला ते आवडणार नाही. तरी जगवा.

जुईली